खोलीची शांतता

शून्य मिनिटं, शून्य सेकंद. फाइलीच्या नावापुढे एवढंच उमटलं होतं आणि शेजारी हिरवी बरोबरची खूण. म्हणजे संगणकाच्या मते काम फत्ते. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. शून्य तसंच राहिलं. खालच्या फाइलीपुढेही शून्य, तिच्या खालच्याही. छापखान्यातल्या जुळाऱ्याने डुलक्या घेत एकाच अक्षराचा खिळा ओळीने लावत जावा तशी पडदाभर शून्यं. चूक दिसली की ती आपलीच असणार असं धरून चालायची मला सवय आहे. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस धीट असेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो भित्रा होत जातो, कारण आपल्या नजरेखालून काय काय निसटलं आहे ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आठवडाभर मी हेच काम करत होतो. बोलत्या पुस्तकांच्या केंद्राची एक डिस्क माझ्याकडे आहे, कंपासपेटीएवढी. माझ्या बायकोने अंधांसाठी वाचलेली सगळी पुस्तकं तिच्यात आहेत. निवृत्तीनंतर केंद्रातल्या जुन्या टेपा मीच एकेक करून त्या डिस्कवर उतरवल्या होत्या, टेपेवर होतं ते जसंच्या तसं, कणभरही न गाळता. अशा फाइली अवाढव्य होतात. आता केंद्राला त्या आटोपशीर करून हव्या होत्या, श्रोत्यांच्या फोनवर चटकन उतरतील अशा. “काका, मोठा आवाज असला की त्याच्या मागचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येतच नाही ना? मग तो कशाला वागवायचा?” केंद्राच्या बाईंनी मला समजावलं होतं. सोमवारी डिस्क परत द्यायची होती. ती पुसून तिच्यावर नव्या वाचकांची पुस्तकं भरायची होती. कुठल्या चौकटीत खूण करायची, कुठलं बटण दाबायचं, सगळं बाईंनी सांगितलं होतं आणि मी अक्षरशः तसंच केलं होतं. पुस्तकं सुरळीत आटोपली होती. शून्य झाल्या होत्या त्या फक्त शांततेच्या फाइली.

आवाज मुद्रित करायच्या खोलीत खरी शांतता कधीच नसते. पंखा असतो, भिंतीतला पाइप असतो, माणसं असतात. कोरी शांतता म्हणून कोऱ्या टेपेचा तुकडा मध्ये जोडला तर ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. म्हणून प्रत्येक बैठकीच्या आधी सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीची शांतता मिनिटभर टेपेवर घ्यायची आणि पुढे जिथे जिथे खोकला, चूक, पान उलटल्याची फडफड कापावी लागेल तिथे त्या शांततेचं ठिगळ लावायचं. आमचा ध्वनिमुद्रक याला ‘खोली घेणं’ म्हणायचा. “चला, आधी खोली घेऊ.” दिवसभर शांतता, शांतता करत फिरायचा म्हणून केंद्रात त्याला सगळे शांतताराम म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा, हळू आवाजात. तो काचेपलीकडे बसे. काचेच्या अलीकडे आम्ही दोघं, मध्ये घोंगडी अंथरलेलं बुटकं टेबल. तिच्यासमोर पुस्तक, माझ्यासमोर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत. ती वाचायची, मी ओळीखाली बोट धरून तिच्या मागोमाग जायचं, आणि ती चुकली तर पेन्सिलीच्या पाठीने टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक करायची. मग ती त्या वाक्याच्या सुरुवातीला जाऊन पुन्हा वाचणार. पुढे टेप कापताना शांततारामला त्या टकटकीवरून चुकीची जागा सापडायची. काम सोपं होतं. मला ते जमत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने एक अख्खा शब्द गाळला आणि माझी पेन्सिल हातातच राहिली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “अहो, मी शब्द खाल्ला. तुम्ही ठोकलं नाहीत.” मी म्हणालो, “अर्थ लागत होता.” “अर्थ लावायला ऐकणारे बसलेत. तुम्हाला चूक धरायला बसवलंय.” तेव्हा आमची ओळख चार दिवसांची. तेव्हाही ती मला अहो म्हणायची आणि लग्नानंतरही अहोच म्हणत राहिली, त्यामुळे त्या अहोचा अर्थ नेमका कुठल्या दिवशी बदलला ते मला आजतागायत सांगता येत नाही. लग्नाचं आधी तिने विचारलं की मी, यावरही आमच्यात मतभेद होते. मी विचारलं असणं शक्य नाही, असं माझं मत.

पण त्या मिनिटाबद्दल सांगत होतो. त्या मिनिटात हलायचं नाही, बोलायचं नाही, पान चाळायचं नाही. मग बघायचं कुठे? आधी मी घड्याळाकडे बघत असे. मग छताच्या भोकाभोकांच्या फळ्यांकडे. मग टेबलावरच्या तिच्या बशीकडे, तिच्यात आंबट हिरव्या सफरचंदाची एक फोड असे. तोंड कोरडं पडून जिभेची चटचट टेपेवर येऊ नये म्हणून ती वाचण्याआधी फोड चघळायची आणि खोली घेताना तिचा शेवटचा घास गिळून झालेला नसायचा. मग फोडीकडून माझी नजर तिच्याकडे जायची. बाईमाणसाकडे बघायला निमित्त लागावं अशा जातीचा मी. बसथांब्यावर, वाचनालयात, छापखान्याच्या जिन्यावर मी आयुष्यभर लोकांच्या बुटांकडे बघत आलो. त्या खोलीत मात्र मला कुणीतरी नेमून दिलं होतं, की इथे बस, हलू नकोस. आणि समोर ती होती, तिलाही तेच नेमून दिलेलं. ती मुळीच लाजायची नाही. हनुवटी हातावर ठेवून सरळ माझ्याकडे बघायची, एखादं अवघड पुस्तक बघावं तशी. आपला श्वास टेपेवर ऐकू येईल या भीतीने मी तो रोखून धरत असे. एकदा मिनिट संपायच्या बेतात असताना माझा बांध फुटला आणि खोलीभर आवाज झाला. काचेपलीकडून शांतताराम म्हणाला, “साहेब, बुडत होतात का?” मी खाली बघायला लागलो. तेव्हा तिने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, टेबलाच्या कडेवर दोनदा ठोकली आणि म्हणाली, “चूक. पुन्हा घेऊ. आणि या खेपेला श्वास घ्या. खोलीत आपण आहोत तर आपला श्वास असणारच की.” त्याच दिवशी काही झालं असावं. पण मला हे फार नंतर वाटलं, आणि नंतर वाटलेल्या गोष्टींवर माझा विश्वास कमी.

शून्यांकडे पुरेसं बघून झाल्यावर मी बाईंना फोन लावला. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, बोलायला गोड, कामात वाघीण. “काका, ते बरोबरच आलंय. ‘लांबलेली शांतता काढा’ या चौकटीत खूण करायला मीच सांगितलं होतं ना? हल्ली श्रोते दीडपट वेगाने ऐकतात. मध्ये जरा खंड पडला की त्यांना वाटतं फोन मेला.” मी म्हणालो, “पण या फाइलींमध्ये शांततेशिवाय दुसरं काही नव्हतंच.” “मग ठेवायच्या कशाला?” त्या हसून म्हणाल्या. मी म्हणालो, “बरोबर आहे.” समोरचा माणूस बोलून थांबला की मी बरोबर आहे म्हणतो, बायको याला माझा पूर्णविराम म्हणायची. मग बाईंनाच काय वाटलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, “काका, मूळ फाइली राहाव्यात असं तुम्हाला वाटत असलं तर मी वर बोलून बघते. पण कारण द्यावं लागेल हो. तुम्हाला दोन्हींत फरक ऐकू येतो का? तेवढं सांगा. फरक ऐकू येत असला तर मी त्यांना डिस्क पुसू देत नाही.” मी म्हणालो, ऐकून सांगतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आठवडाभर एवढ्या फाइली मी आटोपत्या केल्या आणि त्यातली एकही आधीच्याशी ताडून पाहिली नाही. मूळ प्रतीशी न ताडता मुद्रित सोडणारा मी! भीती वाटली असणार. फरक ऐकू येईल याची नव्हे.

घरी प्रत ठेवण्याचा मार्ग आम्हाला बंद होता. केंद्राची शिस्तच तशी आहे. लेखक परवानगी देतात ती फक्त ज्यांना छापलेलं वाचता येत नाही त्यांच्यासाठी, त्यामुळे वाचलेल्या पुस्तकाची प्रत वाचणाऱ्यानेसुद्धा घरी न्यायची नाही. बायको याबाबत भलती कडक. शेजारच्या वहिनींनी एकदा लाडात येऊन म्हटलं, “तुम्ही वाचलेलं एखादं द्या की ऐकायला, स्वयंपाक करता करता.” ही म्हणाली, “तुम्हाला देवाने डोळे दिलेत ना? मग उघडा.” त्यानंतर त्या वहिनी बरेच दिवस आमच्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत. तेव्हा सोमवारी डिस्क गेली की तिचा मूळ आवाज माझ्या हातून गेला, आणि आटोपशीर आवाज केंद्रात, माझ्यासाठी नव्हेच तो. इतकी वर्षं मी तो रोज ऐकत होतो असं नाही. खरं तर ऐकतच नव्हतो. केंद्राने कामासाठी माझ्याकडे सोपवलेली डिस्क टेबलाच्या खणात आहे एवढं पुरत होतं, गावाला गेलेल्या माणसाची चप्पल दारात असावी तसं.

शनिवारी दुपारी लेक आली. ती लोकांचे कान तपासते. तिच्या दवाखान्यात एक काचेची खोली आहे, आत पेशंट बसतो आणि ही बाहेरून बारीक बारीक शिट्ट्या पाठवते. लहानपणी ती शांततारामच्या मांडीवर बसून काचेतून आम्हा दोघांकडे बघत असे, त्यामुळे काचेच्या बाहेर बसण्याचीच तिला गोडी लागली असावी. आली ती पिशव्या ओट्यावर टाकून म्हणाली, “बाबा, जेवलात? खोटं बोलू नका, भांडी कोरडी आहेत.” मी तिला शून्यांची हकिगत सांगितली, बाईंचं म्हणणं सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली. “म्हणजे फरक ऐकू आला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. सोपं आहे.” “पण आला पाहिजे ना.” “बाबा, मी तुमच्या बाजूने आहे. खोटं सांगायचं असेल तर आत्ता सांगा.” “खोटं नाही सांगायचं.” “मग अवघड आहे,” ती म्हणाली, आणि तिने पिशवीतून तिचे ते मोठे, कान झाकणारे हेडफोन काढले. म्हणजे बाईसाहेब ठरवूनच आल्या होत्या. मला तिने पाठ करून बसवलं. एकच उतारा ती दोनदा लावणार, एकदा मूळ आणि एकदा आटपलेला, कुठला आधी ते तिच्या मनावर. मूळ कुठला ते मी सांगायचं. “आणि ऐकू आलं म्हणून बोट वर करू नका, ते दवाखान्यात.”

उतारा साधाच होता. एक माणूस पाहुण्यांकडून निघतो आणि अर्ध्या वाटेत त्याला आठवतं की छत्री राहिली. परत जावं की जाऊ नये, यात तो एका कोपऱ्यावर उभा राहतो. मला त्या पानाचा मजकूर पाठ होता, कुठल्या ओळीत जोडाक्षराचा टवका उडाला होता तेसुद्धा. पण तिचा आवाज कानाशी आला आणि मजकूर बाजूला पडला. छत्री या शब्दावर ती किंचित हसते. पूर्णविरामानंतर एक अगदी छोटा श्वास घेते, सुईत दोरा ओवताना घ्यावा तेवढा. माझं बोट आपोआप मांडीवरून डावीकडून उजवीकडे सरकू लागलं. पहिला संपला, दुसरा लागला. मला शंका उरली नाही. पहिल्यात ती समोर होती, दुसऱ्यात थोडी मागे सरकल्यासारखी. “पहिला मूळ,” मी म्हणालो. लेकीने दुसरी जोडी लावली, मग तिसरी. दर वेळी मला स्पष्ट फरक कळत होता. मला तर मध्येच आनंद झाला, की या वयातही कान शाबूत आहेत, सोमवारी बाईंना छाती पुढे काढून सांगता येईल. शेवटी तिने माझ्या डोक्यावरून हेडफोन काढले आणि तिच्यात उतरलेल्या आईच्या सवयीने माझ्या कानामागचे केस सारखे केले. “नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं, बाबा.” “आणि पहिला? तो पहिला?” “तो तर आटपलेलाच होता.” मी वळलो. तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती, ते मला जास्त लागलं. “तुमच्या कानांचा आलेख मला पाठ आहे,” ती म्हणाली. “एका बिंदूनंतर थेट दरीत. जे त्या संगणकाने गाळलं ते तुमच्या कानांनी केव्हाच गाळलंय. तुमच्या दृष्टीने दोन्ही एकच आहेत. वाईट वाटून घेऊ नका, माझेही कान जातील.” मी म्हणालो, “बरोबर आहे.”

ती चहा ठेवायला गेली आणि मी तसाच बसून राहिलो. मुद्रितं तपासायच्या धंद्यात एक गोष्ट असते. गाळलेला शब्द सगळ्यात शेवटी सापडतो. चुकीचं अक्षर डोळ्यात खुपतं, उलटा खिळा ओरडून सांगतो, पण जे नाहीच त्याची जागासुद्धा दिसत नाही, दोन्ही बाजूंचे शब्द सरकून एकमेकांना चिकटलेले असतात. माझ्यातून काय काय गळलं आहे ते मला कसं कळावं? मी तिचा आवाज आठवून पाहिला, पुस्तकातला नव्हे, घरातला. न्हाणीघरातून टॉवेल मागतानाचा, लेकीवर चिडल्याचा, आजारात रात्री पाणी मागतानाचा. आवाज येई, पण तो वाचतानाचा येई. न्हाणीघरातून ती टॉवेल मागत होती ते छापल्यासारखं, स्वल्पविरामाला थांबत. म्हणजे इतक्या वर्षांत पुस्तकांनी तिच्या घरच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढवून टाकला होता, आणि ते मला कळलंही नव्हतं. मोठ्या आवाजाच्या मागचा बारीक आवाज ऐकू येत नाही, बाई म्हणाल्याच होत्या. टेपांमध्ये तासन्‌तास ती होती, पण सगळी दुसऱ्यांचं बोलणारी. छत्री विसरलेला माणूस, त्याची मेहुणी, कुठल्यातरी बंदरावरचा हमाल. तिचं स्वतःचं, कुणाचंच न बोलणारं असं जर कुठे काही असेल तर ते त्या मिनिटांमध्येच होतं, आणि त्यांचं मी शून्य करून ठेवलं होतं. मूळ फाइली अजून डिस्कवर होत्या, सोमवारपर्यंत. पण त्या लावायचा मला धीर होत नव्हता. लावल्या आणि पंख्याच्या घरघरीपलीकडे काहीच ऐकू आलं नाही तर? फाइल ठीक असेल आणि शून्य माझ्याकडेच असेल तर?

“बाबा, चहा.” लेकीने कप ठेवला आणि पडद्याकडे वाकली. “या कसल्या? नुसते आकडे आहेत नावात.” “खोली,” मी म्हणालो. “शांतताराम घ्यायचा ती.” तिचा चेहरा एकदम लहान झाला. “शांतताराममामा! मला बिस्किटाचा डबा द्यायचे आणि म्हणायचे, खा, पण दातांनी नाही.” ती खुर्चीत बसली, हेडफोन चढवले आणि मी काही म्हणायच्या आत वरच्या फाइलींपैकी एक लावली. आता पाठ करायची पाळी कुणाचीच नव्हती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी तिने डोळे बारीक केले, दवाखान्यात करत असेल तसे. “पंखा आहे,” ती म्हणाली. “एक पातं कुठेतरी घासतंय.” थांबली. “आई काहीतरी गिळतेय.” “सफरचंद.” “पाइपातून पाणी गेलं. बाहेर जिन्यात कुणीतरी बादली ठेवली, लांब. आईची खुर्ची.” ती हळू बोलत होती, मध्ये मध्ये थांबत, आणि मी मनातल्या मनात त्या खोलीत एकेक वस्तू ठेवत होतो, बोट धरून तिच्या मागोमाग जात. “आई श्वास घेतेय. छान मोठा, सावकाश.” मग तिने कपाळाला आठी घातली. “पण बाबा, तुम्ही इथे नव्हतात का?” “होतो की. समोर.” “नाही हो. एकाच माणसाचा श्वास आहे. आईचा. दुसरं कुणी नाहीच खोलीत.” मी तिला थांब अशी खूण केली. कुठल्या दिवसाची फाइल होती ते मला कळलं होतं.

तेवढ्यात ती दचकून मागे सरली, हेडफोन अर्धे कानावरून उतरले. “अगं आई गं! पाण्यातून म्हैस वर आली का काय?” “तो मी,” मी म्हणालो. माझे कान तापले. लेक हसत सुटली, हसताना तिचा हात तोंडावर गेला आणि तसाच राहिला, कारण हेडफोनमध्ये अजून काही चालू होतं. तिने एक बाजू माझ्या कानाला लावली आणि थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं. पंखा मला ऐकू आला, त्याच्या मागचं काही नाही. मग तो माझा बुडणारा श्वास. मग शांततारामचं काचेपलीकडून आलेलं दबकं बोलणं, शब्द न कळणारं. मग लाकडावर दोनदा टकटक. ही टकटक जाड होती, माझ्या कानांनाही पुरणारी. आणि मग ती. “चूक. पुन्हा घेऊ.” वाचत नव्हती. हसू दाबत होती, तोंडात सफरचंदाचा तुकडा होता, आणि ती माझ्याशी बोलत होती. तेवढ्यावर फाइल संपली. शांततारामने टेप थांबवली असणार. श्वास घ्या असं ती पुढे म्हणाली ते टेपेवर नव्हतं. ते एकटं माझ्याकडे राहिलं होतं, आणि ते तरी ती तस्संच म्हणाली होती की नाही, देव जाणे.

लेकीने डोळे पुसले, मग व्यवहारी सुरात म्हणाली, “आता मला सांगा, यात कुठल्या लेखकाचा शब्द आहे?” मला आधी कळलं नाही. “प्रत घरी ठेवायची नाही ती पुस्तकाची ना? मग हे पुस्तक कुणाचं? पंख्याचं? म्हशीचं?” “टेप केंद्राची आहे,” मी म्हणालो. “मग केंद्राला विचारा. लावा फोन.” “तू लाव.” “मी नाही लावणार. तुमची म्हैस, तुम्ही सांभाळा.” ती आईची लेक आहे. शनिवारी उशिरा बाईंना कशाला त्रास, सोमवारी डिस्क देतानाच विचारीन, मी म्हणालो. तिने फोन उचलून माझ्या हातात दिला आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. घंटी वाजत असताना मी वाक्य जुळवत होतो, आणि ते मनात तीनदा तपासूनही बाईंनी हॅलो म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालं, “बाई, मला शांतता हवी आहे.” “काय म्हणालात काका? बरं नाही का तुम्हाला?” “नाही, म्हणजे, बरा आहे. फरक मला ऐकू आला नाही. पुस्तकं आटपलेली ठेवा, डिस्क पुसा, माझी हरकत नाही. पण त्या शून्य आलेल्या फाइली. मूळ. त्यात पुस्तक नाही, फक्त खोली आहे. त्या मी घरी ठेवू का? केंद्राची हरकत असेल तर राहू दे.” फोनमध्ये कुठेतरी मागे खुर्ची सरकली, कुणीतरी दार लावून घेतलं. “काका,” बाई म्हणाल्या, नेहमीपेक्षा सावकाश, “त्या आमच्या मोजणीत नाहीतच हो. घेऊन टाका. सगळ्या घ्या.” मग त्या घाईने म्हणाल्या, “आणि ती ‘शांतता काढा’ची खूण काढून टाकून पुस्तकंही पुन्हा एकदा आटपून द्याल का? ज्यांना घाई आहे ते पळवतील आपल्या फोनवर.” मी म्हणालो, “बरोबर आहे.” या खेपेला ते मी खरोखर म्हणालो होतो असं मला वाटतं.

लेकीने त्या फाइली संगणकावर उतरवल्या. काही वेळच लागला नाही, सगळ्या मिळून एका पुस्तकापेक्षा लहान भरल्या. खिडकीतलं ऊन टेबलाच्या पायापर्यंत आत आलं होतं. “शेवटची लावू?” तिने विचारलं. शेवटची कुठली ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या बैठकीनंतर बायको केंद्रात गेली नाही, ते पुस्तक दुसऱ्या बाईंनी पुरं केलं. त्या वेळी जिना चढून आल्यावर ती बराच वेळ नुसती बसली होती, बशीतल्या फोडीला तिने हात लावला नव्हता, आणि मी घड्याळाकडे नाही, छताकडे नाही, तिच्याकडेच बघत होतो, इतकी वर्षं सवय झालेली. मी मान हलवली. लेकीने हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली, दुसरी स्वतःच्या. दोघांची डोकी जवळ आली. पंखा बदललेला होता, नवा, घासत नव्हता. त्याच्या पलीकडे मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी लेकीच्या डोळ्यांकडे बघत होतो, ते कशाच्या तरी मागोमाग चालले होते. “आई,” ती कुजबुजली. “थांबत थांबत. आणि तुम्ही. तुमचाही आहे बाबा, दोघांचा आहे.” मी आणखी कान दिला. टेबलाची कड धरली. कुठेतरी त्या घरघरीच्या आत आम्ही दोघं बसलो होतो आणि मला थोडं जरी ऐकू आलं तरी चाललं असतं, म्हणून मी अजिबात हललो नाही.

माझ्यापुढे लाल पेन्सिल पडली होती, जुनी, मुद्रितं तपासायची. लेकीने ती उचलली, उलटी धरली आणि टेबलावर दोनदा ठोकली.

“चूक,” ती म्हणाली. “श्वास घ्या बाबा. पुन्हा घेऊ.”